बाबा खातं : अंगावर आलेली कामं नीट कशी करायची?

पाना_पक्कड (धागाकर्ता)

बाप झाल्यावर काय वाटतं यावर ढिगानं लिहिलं गेलंय. बाळ कुठल्या हातात धरायचं आणि मोकळ्या हातानं नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी धड सांगत नाही. म्हणून हा धागा. डोळे पाणावणारं लेखन कृपया दुसरीकडे. इथे फक्त कृती, मापं, आणि काम फसतं ते का फसतं.

पहिलं काम : झोपलेलं बाळ खाली ठेवणं. समस्त बापवर्गाचं हे ठरलेलं अपयश.

तान्ह्या बाळाची झोप मोठ्यांसारखी सुरू होत नाही. ते आधी चळवळ्या झोपेत शिरतं. पापण्या थरथरतात, ओठ हलतात, श्वास कधी भराभर तर कधी थांबून थांबून. नेमक्या याच वेळी बाबा ‘झोपलं’ असं जाहीर करून बाळ खाली ठेवतात आणि पुढच्या मिनिटाला तोंडघशी पडतात. गाढ झोप लागायला १५-२० मिनिटं जातात. तपासायची पद्धत सोपी आहे. बाळाचा हात मनगटाशी हलकेच उचलून सोडा. निर्जीव असल्यासारखा पडला, मूठ सैल असली आणि श्वास एका लयीत चालला असला, की पुढची पायरी.

ठेवताना क्रम असा : आधी पाय, मग ढुंगण, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. बहुतेक बाबा उलट करतात, कारण डोक्याखालचा हात अवघडलेला असतो आणि तो आधी सोडवायची घाई असते. डोकं आधी खाली गेलं की बाळाला आपण पडतोय असं वाटतं, दोन्ही हात फाकतात, दचकून रडू येतं. यालाच मोरो प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. साधारण ४ ते ६ महिन्यांत ती आपोआप जाते. ठेवल्यावर हात लगेच काढू नका. छातीवर एक हात मिनिटभर राहू द्या, आधी दाब कमी करा, मग हात उचला.

वर्षभर पाठीवरच झोपवायचं. गादी टणक आणि सपाट. उशी, मऊ खेळणी, सुटं पांघरूण यातलं काहीही आत नको. यात आवडीनिवडीला जागा नाही.

अर्धी_झोप

चांगला धागा. थोडी भर घालतो.

जपानच्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा यांच्या गटानं नेमका हाच विषय तपासला होता. २०२२ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त छापून आलं. रडणाऱ्या बाळाला घेऊन नुसतं बसण्यापेक्षा ५ मिनिटं चालल्यावर बाळं शांत होतात, हृदयाचे ठोके मंदावतात, बरीचशी झोपतातही. मग लगेच खाली न ठेवता ५ ते ८ मिनिटं तसंच घेऊन बसायचं आणि मग ठेवायचं. त्यातली मजेची गोष्ट म्हणजे बाळं गादी लागल्यामुळे जागी होत नव्हती. आपल्या अंगापासून वेगळं होताना ती चाळवत होती. म्हणून वाकताना बाळाला छातीशी धरूनच वाका, पार गादीपर्यंत. हात लांब करून, क्रेननं माल उतरवल्यागत ठेवू नका.

प्रयोगात बाळं जेमतेम वीसेक होती आणि चालणाऱ्या सगळ्या आया होत्या. पण चालायला बाबाही चालतात.

आणखी एक : गुडघा. पाळण्याशी बसताना-उठताना जो कटकन आवाज होतो तो रात्रीच्या शांततेत फार लांब जातो. खोलीत शिरण्याआधी बाहेरच दोन-तीन उठाबशा काढून घ्या. एकदा वाजलेला सांधा निदान १५-२० मिनिटं सहसा पुन्हा वाजत नाही.

चिमटा

उठाबशांचा हा उपयोग शाळेत कुणी सांगितला नव्हता. =))

मागची_बाजू

झोपेवर सगळेच बोलतात. डायपरवर मी लिहितो.

आधी सगळं हाताशी मांडायचं आणि मगच जुना सोडायचा. नवा डायपर उघडून, मागची बाजू (चिकटपट्ट्यांची) बाळाच्या ढुंगणाखाली जुन्याच्याही खाली सरकवून ठेवा. म्हणजे अर्ध्यात काही घडलं तरी ते चादरीवर जात नाही. मग जुना सोडा, उघडा, आणि लगेच परत झाका. मनात दहापर्यंत मोजा. गार हवा लागली की शू होते, ती या दहा अंकांत होऊन जाते. मुलगा असेल तर हे मोजणं टाळणाऱ्याचा शर्ट त्याला आठवण करून देतो. पुसताना पुढून मागे, मुलींच्या बाबतीत तर कटाक्षानं. मुलग्याची पुढची त्वचा मागे ओढून साफ करायला जाऊ नका, तिथे बाहेरून पुसणं पुरे.

डायपर लावल्यावर दोन गोष्टी तपासायच्या. पोटाशी दोन बोटं सहज गेली पाहिजेत. आणि मांड्यांभोवतीची चुणीदार झालर बोट फिरवून बाहेर काढायची. ती आत दुमडलेली राहिली की कडेनं गळणार म्हणजे गळणारच. मुलग्याचं टोक खाली वळवून मग बंद करा, नाहीतर पोटाकडून भिजतं. नाळ गळेपर्यंत (एक ते तीन आठवडे) पुढचा काठ बेंबीच्या खाली दुमडा.

आता मुख्य आपत्ती : शी पाठीवरून मानेपर्यंत चढणं. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, डायपर लहान पडलाय. पाकिटावरचा वजनाचा आकडा म्हणजे अंदाज. ढुंगण अर्धंच झाकलं जात असेल किंवा मांडीवर लाल वळ उठत असतील, तर पुढचं माप आणा.

आणि अशा वेळी कपडा डोक्यावरून काढू नका! तान्ह्यांच्या अंगरख्याला खांद्यावर एकमेकांवर चढलेल्या दोन पाळ्या असतात ना, त्या शोभेच्या नाहीत. गळा ताणून रुंद होतो आणि अख्खा कपडा खांद्यांवरून खाली, पायांकडून निघतो. केस, कान, चेहरा सगळं वाचतं.

एक हात कायम बाळावर. उंच टेबलावर असाल तर ‘अजून पालथं पडत नाही’ या भरवशावर पाठ वळवू नका. पहिल्यांदा पालथं पडण्याची सूचना कुणालाच मिळत नाही.

दुसरी_पाळी

वर सगळं बरोबर आहे. पण काम कुठे संपतं ते कुणीच लिहिलं नाही, म्हणून बाईमाणूस असून मध्ये बोलते.

डायपर बंद झाला की बाबांचं काम संपतं, अशी एक समजूत आहे. जुना डायपर गुंडाळून टोपलीत, टोपली भरली असेल तर ती रिकामी, भिजलेला कपडा थंड पाण्यात (गरम पाण्यानं डाग बसतो), हात साबणानं, आणि पाकिटात किती उरले ते बघून कमी असतील तर आणायचे. एवढं झालं की डायपर बदलला. यातलं काही दुसऱ्याला सांगावं लागलं, तर निम्मं काम त्या सांगणारीनं केलेलं असतं.

बाहेर न्यायच्या पिशवीचंही तसंच. बाहेर असण्याच्या दर दोन-तीन तासांमागे एक डायपर, वर दोन जादा. बाळाचे कपडे दोन जोड. मोठ्या माणसाचा एक साधा शर्ट, हा नेहमी विसरतो. ओल्या कपड्यांना तोंड बांधता येईल अशी पिशवी. शेवटचा डायपर ज्यानं वापरला, तो पिशवी परत भरेपर्यंत ड्यूटीवर आहे.

चिमटा

ताई, मान्य. पण उलटही होतं. बाबा करायला जातो आणि मागून आवाज येतो, ‘असं नव्हे, द्या इकडे.’ मग तो कायमचा देऊन टाकतो.

दुसरी_पाळी

होतं, नाकारत नाही. उपाय एवढाच, की दोघांनी बसून आधी ठरवायचं काय अडतं आणि काय चालतं. मोजे दोन रंगांचे? चालतं. अंगरखा उलटा? चालतो. गाडीतल्या सीटचा पट्टा सैल, आंघोळीच्या पाण्यात अर्ध्या मिनिटासाठी एकटं, पालथं झोपवणं? यात चालतं-बिलतं काही नाही. पहिल्या यादीतल्या गोष्टींवर मागून आवाज येणार नाही, दुसऱ्या यादीवर येणारच. आणि करणाऱ्याला एकटं करू द्या, त्या वेळी दुसऱ्यानं खोलीबाहेर. पट्ट्याची परीक्षा : खांद्यापाशी चिमटीत धरता आला तर सैल. जाड जाकीट घालून पट्टा आवळू नये, आतली हवा दबून तो सैलच राहतो.

रात्रपाळी

ढेकराबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. थोडक्यात : हवा दुधाच्या वर यायला धड उभं लागतं. खांद्यावर घेताना बाळाचं पोट आपल्या खांद्याच्या हाडावर टेकलं पाहिजे, नुसती हनुवटी नव्हे. तळवा खोलगट करून पाठीच्या खालच्या भागाकडून वर थापट्या. पाच मिनिटांत आली नाही तर सोडून द्या, प्रत्येक वेळी येतेच असं नाही. रुमाल खांद्यावरून मागेही लांब सोडा. धार मागच्या बाजूला जाते आणि ती आपल्याला सोडून सगळ्यांना दिसते.

थेंबथेंब

औषध पाजणं हे माझ्या मते सगळ्यात गंभीर बाबा-काम, कारण ते बहुधा रात्री अडीचला आणि चष्म्याशिवाय केलं जातं.

तापाचं पॅरासिटामॉल मुलाच्या वजनावर ठरतं, वयावर ठरवायचं नाही. किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान ४ तास आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. घोळ होतो तो बाटलीवरच्या आकड्याचा. एकच औषध ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, ५ मिलीत २५० मिलिग्रॅम, आणि थेंबांच्या बाटलीत दर मिलीला १०० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदींत मिळतं. १० किलोच्या मुलाला १०० ते १५० मिलिग्रॅम लागतं. पहिल्या बाटलीतलं ५ मिली त्यात बसतं. तेच ५ मिली दुसऱ्या बाटलीतून दिलं तर २५०, आणि थेंबांचं दिलं तर थेट ५००. म्हणून ‘पाच मिली द्यायचं’ एवढंच पाठ करू नका. कुठल्या बाटलीतलं ते डॉक्टरांना विचारून, मोठ्या अक्षरात बाटलीवरच चिकटवा. दिल्यावर वेळ लिहा. नाहीतर दुसरा पालक उठून तोच डोस पुन्हा देतो.

घरातला चमचा वापरू नका, त्यात किती मावतं याचा नेम नाही. सुई नसलेली सिरिंज घ्या. मूल अर्धवट बसलेलं, सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं. घशाकडे रोखून पिचकारी मारली की ठसका लागतो आणि पुढच्या वेळी सिरिंज दिसताच तोंड बंद.

तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर घरी डोस मोजत बसायचं नाही. डॉक्टरांकडे, त्याच वेळी.

चिमटा

बाबा झाल्यावर माणूस खरंच नरम पडतो का हो? शास्त्रीय उत्तर हवंय, घरचं ठाऊक आहे.

अर्धी_झोप

शास्त्रीय उत्तर असं : फिलिपिन्समधल्या सेबू इथल्या ६२४ पुरुषांचा पाठपुरावा करून २०११ मध्ये ली गेटलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) न झालेल्यांपेक्षा बरंच जास्त घसरतं. आणि रोज तीन तास किंवा जास्त मुलाचं करणाऱ्यांचं इतर बापांपेक्षाही कमी भरतं. तेव्हा नरमाई हा कामाचा पुरावा समजावा.

घोडा_घोडा

दंगामस्ती खात्याकडून दोन शब्द.

एक ते चार वर्षांच्या मुलाला दोन्ही हात धरून गरगर फिरवणं किंवा एका हातानं वर खेचणं बंद. या वयात कोपरापाशी हाडाला धरून ठेवणारी पट्टी सैल असते, ओढ बसली की हाड तिच्यातून निसटतं. मूल हात पोटाशी धरून लोंबता ठेवतं आणि वापरतच नाही. डॉक्टर काही सेकंदांत जागेवर बसवतात, पण घरी प्रयोग नको. उचलायचं ते काखेत हात घालून. तान्ह्याला हवेत उडवणं नाही आणि गदगदा हलवणं तर कधीच नाही, रडून जीव नकोसा केला असला तरी. अशा वेळी बाळ पाठीवर सुरक्षित ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जाणं हे योग्य पाऊल आहे. त्याला पळपुटेपणा म्हणू नये.

खांद्यावर बसवलंत की आपली उंची वीतभर तरी वाढते. दाराची चौकट आणि छताचा पंखा यांना हे कळवलेलं नसतं. दारातून जाताना मान वाकवून भागत नाही, गुडघ्यात बसावं लागतं.

लपाछपी : तीन वर्षांच्या मुलाला लपण्यात फारसा रस नसतो. सापडेपर्यंत आपलं नाव घरभर ऐकू येणं हा खरा खेळ. पडद्याखाली पाय दिसत असले तरी आधी तीन चुकीच्या जागा मोठ्यानं बोलत तपासा. तीन पुरे. चौथ्या जागेपर्यंत मूल स्वतःच ‘मी इथे आहे’ म्हणून बाहेर येतं आणि डाव फुकट जातो.

स्क्रू_उरला

नाव बघून ओळखलं असेलच. जोडणी खात्यात मी.

पाळणा असो की पुस्तकांचं कपाट, कुठलाही बोल्ट पहिल्या फेरीत पूर्ण आवळायचा नाही. सगळे दोन-तीन आटे धरतील एवढेच फिरवा. चारही बाजू उभ्या राहिल्या, कोपरे काटकोनात बसले की मग आवळा, समोरासमोरच्या कोपऱ्यांनी. पहिलाच कोपरा घट्ट केला तर शेवटच्या कोपऱ्याचं भोक अर्ध्या सेंटीमीटरनं चुकतं. मग बाबा कंपनीला शिव्या देतात. फळीच्या भोकात बसणारी धातूची गोल चकती असते, तिच्यावरचा बाण दुसऱ्या फळीचा खिळा आत येणाऱ्या कडेकडे हवा. खिळा पूर्ण आत गेल्यावर ती साधारण अर्धा फेरा फिरते. त्याहून जोर लावला की भुसा निघतो आणि भोक कायमचं ढिलं.

शेवटी स्क्रू उरला की ‘जास्तीचा दिलाय’ म्हणायची प्रथा आहे. कधी कधी तो खरंच जास्तीचा असतो, म्हणून तर ही सबब इतकी वर्षं टिकली. पण बाळाच्या पाळण्यात ती चालवून घेऊ नका. सुरुवातीला भाग मोजलेले असले की शेवटी वाद उरत नाही. दांड्यांमधली फट ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, गादी आणि कठड्यामध्ये दोन बोटं शिरली तर गादी लहान आहे. उंच कपाट भिंतीला पट्टीनं जखडायचंच. मूल खणांना जिना समजतं.

आणि बटण-बॅटरी. वाजणाऱ्या खेळण्याचं झाकण स्क्रूनं बंद होतं का ते बघूनच घरात घ्या. रिमोट, वजनकाटा, गाणारं शुभेच्छापत्र, सगळीकडे ती असते. २० मिलिमीटरची लिथियम बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर भाजतं. ती फुटून काही गळावं लागत नाही, ओल्या पेशींतून वीज वाहते आणि तिथेच दाहक अल्कली तयार होते. संपलेली बॅटरीही तितकीच वाईट, खेळणं चालवण्याएवढा जोर नसला तरी जाळण्याएवढा असतो. गिळल्याची शंका आली तरी उलटी काढू नका, थेट हॉस्पिटल गाठा आणि एक्स-रे काढायला सांगा.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. सायकल शिकवण्यावर कुणी लिहील का? मागे सीट धरून धावण्याची पद्धत कंबरेला परवडत नाही.

पाना_पक्कड (धागाकर्ता)

ती पद्धत कंबरेला परवडत नाही आणि मुलालाही शिकवत नाही. सीट तुम्ही धरली की तोल तुम्ही सांभाळता. मूल शिकतं ते फक्त पेडल मारणं, आणि ते मुळात सोपंच आहे. बाजूच्या जादा चाकांचंही तेच, त्यांच्यामुळे सायकल कलतच नाही आणि वळायला तर कलावं लागतं.

म्हणून उलट्या क्रमानं जा. दोन्ही पेडल काढून टाका (बहुतेक ठिकाणी १५ मिलिमीटरचा पाना). सीट इतकी खाली घ्या, की बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकतील आणि गुडघे किंचित वाकतील. पहिली सायकल अशीच होती. कार्ल फॉन द्राइसनं १८१७ मध्ये मॅनहाइमला जी चालवली तिला पेडल नव्हतेच, पायानं जमीन रेटत जायचं.

आधी ब्रेक. सायकल हातात धरून चालत चालत दाबायला लावा. बोटं पोचत नसतील तर ब्रेकच्या दांडीजवळ बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की दांडी हँडलजवळ येते. हे न करता उतारावर नेणं म्हणजे बूट झिजवणं. मग सपाट जागेवर बसून चालणं, मग ढांगा, मग दोन ढांगांच्या मध्ये दोन्ही पाय उचलून घरंगळणं. उतार अगदी सौम्य हवा, थांबायला समोर सपाट जागा हवी. गवत मऊ असतं म्हणून मोह होतो, पण त्यावर वेग धरत नाही आणि वेग नसेल तर तोल राहत नाही. मुलाची नजर चाकावर गेली की हँडल तिकडेच वळतं. तुम्ही पुढे दहा पावलांवर उभे राहा आणि बोटं दाखवा, किती ते मुलानं ओरडून सांगायचं.

पाच-सहा सेकंद पाय वर ठेवून वळणही घेता आलं की पेडल परत लावा. सुरू करताना उजवं पेडल घड्याळात दोनचा काटा असतो तिथे आणून ठेवायचं, म्हणजे पहिल्याच दाबाला पुरेसा रेटा मिळतो. धरायचंच असेल तर मुलाच्या काखेत हलके हात. हँडलला हात लावू नका.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्या कानाखाली इंग्रजी व्हीसारख्या, हनुवटीखाली एक बोट मावेल इतकंच. मोठी जांभई द्यायला सांगा. हेल्मेट डोक्यावर खाली ओढलं गेलं तर बरोबर, नाहीतर सैल.

रात्रपाळी

मनःपूर्वक आभार. एक शंका : उजवं पेडल निघतं, डावं काही केल्या निघत नाही असं का होतं? तेल घालून ठेवायचं का?

स्क्रू_उरला

तेल नंतर. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, चालवताना ते आपोआप सुटू नये म्हणून. नेहमीच्या दिशेनं जोर लावाल तितकं ते जास्त आवळतं. दिशा लक्षात ठेवायची भानगड नको असेल तर पाना पेडलच्या बोल्टावर उभा, वरच्या बाजूला टोक करून लावा. मागच्या चाकाकडे ढकललं की सुटतं, पुढच्या चाकाकडे ढकललं की आवळतं. दोन्ही बाजूंना हाच नियम. काढल्यावर त्यांच्यावर डा आणि उ लिहून ठेवा. परत लावताना आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार आटे पान्याशिवाय, बोटांनी फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर ते वाकडं बसतंय किंवा बाजू चुकली आहे. तरीही पान्यानं रेटलंत तर पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे आटे जातात आणि मग पेडल नव्हे, अख्खा दांडा बदलावा लागतो.